फोन लागतो, कागद अडतो : मुलांच्या संरक्षणाच्या सेवा, वापरणाऱ्याच्या बाजूने

महाराष्ट्रात एखादं मूल संकटात सापडलं तर ठोठावायला दारं पुष्कळ आहेत. मुलांची हेल्पलाईन १०९८ आहे, तातडीचा ११२ आहे, बाल कल्याण समिती, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, पोलीस ठाण्यातला विशेष कक्ष, सखी केंद्र, शिवाय गावात अंगणवाडी सेविका आणि ग्रामसेवक. लोकांना मात्र यातला एखादाच नंबर माहीत असतो, तोही एसटी स्टँडवरच्या फलकामुळे. टपरीवरच्या चहालाही तारे देणारे आपण या सेवांबद्दल चार ओळी लिहीत नाही. फुकट आहेत ना, मग बोलायचं कशाला.

आधी निकाल सांगून टाकतो. ही यंत्रणा पहिल्या चोवीस तासांत बरी धावते, नंतर बसते. पहिल्या चोवीस तासांना कायद्याने घड्याळ लावून दिलं आहे. पुढच्या कामांनाही काही मुदती आहेत, पण त्या पाळायला माणसं कंत्राटी आणि अपुरी, आणि मुदत टळली तर ओरडणारं कुणी नसतं. म्हणून कुठल्या टप्प्याला कोणती मुदत आहे आणि कुठला कागद हातात घेऊन उठायचं, एवढं कळलेल्या माणसाला हीच सेवा बऱ्यापैकी मिळते. ज्याला ते कळत नाही तो हेलपाटे घालतो.

१०९८ पासून सुरुवात

हा नंबर १९९६ मध्ये मुंबईत, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या एका प्रकल्पातून सुरू झाला. रस्त्यावरच्या मुलांना कुणाच्याही मदतीशिवाय फिरवता यावा, म्हणून तो इतका लहान आणि फुकट. पंचवीसेक वर्षं तो स्वयंसेवी संस्थांच्या जाळ्यावर चालला. मिशन वात्सल्य ही केंद्राची बाल संरक्षणाची योजना आल्यावर तो सरकारकडे गेला. आता फोन राज्याच्या नियंत्रण कक्षात उचलला जातो, प्रत्यक्ष जागेवर जिल्ह्याच्या बाल हेल्पलाईन युनिटची माणसं जातात, आणि तातडीच्या कॉलसाठी ११२ शी जोडणी आहे. या बदलाने काय मिळालं आणि काय गेलं? पोलिसांची गाडी हलवणं सोपं झालं, कारण सरकारी माणसाच्या शब्दाला ठाण्यात वजन असतं. गेली ती ओळख. वस्तीतल्या मुलांना नावानिशी ओळखणारा, कुठल्या पुलाखाली कोण झोपतं हे पाठ असणारा कार्यकर्ता नियंत्रण कक्षात बसलेला नसतो.

त्यामुळे फोन करणाऱ्यावरची जबाबदारी वाढली आहे. 'आमच्या बाजूला एका मुलाला फार मारतात' एवढ्यावर गाडी निघत नाही. मूल आत्ता कुठे आहे आणि जवळची खूण काय, अंदाजे वय, मुलगा की मुलगी, आत्ता या घडीला धोका आहे की नेहमीचा त्रास आहे, जखम दिसते का, सोबत कोण आहे, मूल कुठली भाषा बोलतं, हे सगळं सांगायचं. पत्ता सांगताना इमारतीचं नाव पुरत नाही, विंग आणि मजला सांगावा. झोपडपट्टीत पाण्याची टाकी, मंदिर, रेशन दुकान अशी खूण द्यावी. बऱ्याच फेऱ्या पत्त्यापायीच फुकट जातात. आपलं नाव सांगण्याची सक्ती नाही. फोन ठेवण्याआधी नोंद क्रमांक मागा आणि लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला की नवा माणूस बोलतो, आणि क्रमांक नसेल तर सगळी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागते.

मारहाण चालू असेल किंवा कुणी मुलाला घेऊन निघून चाललं असेल तर थेट ११२. जिवावरचं पोलिसांकडे, बाकी १०९८ कडे, अशी सरळ वाटणी डोक्यात ठेवावी.

आणखी एक गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. मुलं स्वतः फोन करतात आणि पलीकडून आवाज आला की गप्प राहतात. असे गप्प कॉल या हेल्पलाईनला सुरुवातीपासून येत आले आहेत. कसलेला समुपदेशक ते कापत नाही, तो बोलत राहतो. मूल दुसऱ्या-तिसऱ्या वेळी बोलतं. आपल्या घरातल्या किंवा वर्गातल्या मुलांना हे सांगून ठेवायला हरकत नाही : लगेच बोललंच पाहिजे असं काही नाही.

या सेवेकडून एक चुकीची अपेक्षा असते. हेल्पलाईनचा माणूस येईल आणि मुलाला घरातून उचलून नेईल, असं लोकांना वाटतं. तसा अधिकार त्याला नाही. तो पाहणी करतो, मुलाशी बोलतो, गरज पडली तर पोलिसांना बोलावतो आणि मूल समितीपुढे नेतो. शेजाऱ्यांना मग वाटतं, आले आणि चहा पिऊन गेले. पुष्कळदा पहिली भेट तशीच दिसायला हवी, नाहीतर दार लागताच मुलाला दुप्पट मार बसतो.

बाल कल्याण समिती : सगळं इथे येऊन थांबतं

बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाबद्दल निर्णय घेण्याचा अधिकार बाल कल्याण समितीला. एक अध्यक्ष, चार सदस्य, त्यात निदान एक महिला. अधिकार प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे. मूल सापडल्यापासून प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत ते समितीपुढे हजर करावं लागतं. पोलीस, हेल्पलाईन, सामाजिक कार्यकर्ता, डॉक्टर, नर्स यांपैकी कुणीही त्याला नेऊ शकतं. मूल स्वतःहूनही जाऊ शकतं. समितीची बैठक नसेल त्या दिवशी एका सदस्यापुढे नेलं तरी चालतं, आणि मुलाला तात्पुरतं बालगृहात किंवा योग्य व्यक्तीकडे ठेवण्याचा आदेश मिळतो. सुट्टीच्या दिवशी 'समिती बसलेली नाही, सोमवारी या' असं उत्तर मिळालं तर कायद्यातली हीच तरतूद दाखवायची. सदस्यांचे फोन नंबर जिल्हा बाल संरक्षण कक्षात मिळतात.

इथवर घड्याळ चालतं. यापुढे खरी परीक्षा. समितीने सामाजिक तपासणी अहवाल, म्हणजे गृहभेट करून घरची परिस्थिती नोंदवणारा कागद, मागवायचा, तो पंधरा दिवसांत यायला हवा, आणि मूल प्रथम हजर केल्यापासून चार महिन्यांत अंतिम आदेश व्हायला हवा. अंतिम निर्णयाला किमान तीन सदस्य हजर लागतात. समितीची मुदत तीन वर्षांची. मुदत संपली आणि नव्या नेमणुका रखडल्या की शेजारच्या जिल्ह्याच्या समितीकडे अतिरिक्त कार्यभार जातो. मग आठवड्यातून एक-दोन दिवस बैठक, त्यातही फाइल दुसऱ्या जिल्ह्यात. कायदा महिन्याला किमान वीस बैठका म्हणतो. मजुरी बुडवून आलेल्या आईला 'पुढची तारीख' सांगून परत पाठवणं हा या सेवेचा सगळ्यात वाईट भाग आहे. बैठकीची जागा जिल्ह्याच्या गावी असते, आणि टोकाच्या तालुक्यातून सकाळी निघालेली बाई पोहोचेपर्यंत दुपार होते. तारीख लेखी घ्या. सोबत कोणती कागदपत्रं आणायची तेही त्याच कागदावर लिहून मागा, म्हणजे पुढच्या वेळी एक कागद कमी पडला म्हणून खेप वाया जाणार नाही.

अहवाल का रखडतो? गृहभेटीला जाणारी माणसं मोजकी. जिल्हा बाल संरक्षण कक्षात संरक्षण अधिकारी, विधी तथा परिविक्षा अधिकारी, समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ते, क्षेत्रीय कार्यकर्ते अशी पदं आहेत, पण भरलेली किती हे जिल्ह्यागणिक बदलतं. दुसरं कारण साधं आहे, गृहभेटीला गेलं तर घरात कुणी नसतं. फोन करून भेटीची वेळ ठरवून घेतली तर आठवडे वाचतात. भेटीत काय पाहतात हेही आधीच माहीत असावं : घरात कोण कोण राहतं, मूल कुठे झोपतं, शाळा किती लांब आणि हजेरी किती, कमावतं कोण, घरात दारू किंवा मारहाण आहे का, आजी-मामा-काका यांच्यातलं कुणी सांभाळायला तयार आहे का. भिंती पोपडल्या आहेत म्हणून मूल काढून घेत नाहीत. खोटं सांगितलेलं मात्र शेजाऱ्यांच्या जबाबात उघडं पडतं.

समितीपुढे 'बालगृहात टाका' किंवा 'घरी सोडा' एवढे दोनच पर्याय असतात असा समज आहे. देखरेखीखाली आईवडिलांकडे परत देता येतं, नातेवाइकाला योग्य व्यक्ती ठरवून त्याच्याकडे देता येतं, प्रतिपालक कुटुंब (दुसऱ्या कुटुंबाने काही काळ सांभाळणं) आहे, प्रायोजकत्व (मूल घरीच राहावं म्हणून पैशाची मदत) आहे. संस्था हा कायद्यात शेवटचा उपाय आहे. मूल नात्यातल्या माणसाकडे राहावं असं वाटत असेल तर त्या माणसाने पहिल्याच तारखेला स्वतः हजर राहावं, ओळखपत्र, रहिवासी पुरावा आणि मुलाशी नातं दाखवणारा कागद घेऊन. तिसऱ्या तारखेला उगवलेल्या मामाकडे समिती संशयाने बघते, आणि ते बरोबरच आहे.

मूल दुसऱ्या जिल्ह्यातलं निघालं तर वेगळाच घोळ. आदेश होतो, पण सोबत न्यायला पोलीस बंदोबस्त मिळेपर्यंत मूल बालगृहात बसून. मुलगी असेल तर महिला पोलीस लागते. घरची समिती, तिथला अहवाल, इथला आदेश आणि बंदोबस्ताचं पत्र या चार गोष्टी एकमेकींची वाट बघत बसतात. नातेवाइकांनी दोन्ही जिल्ह्यांतल्या कक्षांना फोन करून पत्राचा जावक क्रमांक इकडून तिकडे कळवला की गाडी हलते. हे काम नातेवाइकांचं नाही, पण केल्याने फरक पडतो.

वयाच्या कागदावरून होणारा गोंधळ तर नेहमीचा. कायद्यातला क्रम असा : शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला, तोही नसेल तरच वैद्यकीय चाचणी, आणि ती पंधरा दिवसांत. या यादीत आधार कार्ड नाही. लोक आधार पुढे करतात, त्यावर अंदाजाने टाकलेली एक जानेवारी असते, आणि वकील नेमका त्यावरच बोट ठेवतो. शाळेतून बोनाफाईड आणताना जनरल रजिस्टरच्या नोंदीचा उतारा मागून घ्या.

पैशाची मदत : रक्कम कमी, कागद जास्त

मूल घरातच राहावं म्हणून दिली जाणारी मदत ही या सगळ्या यंत्रणेतली सगळ्यात शहाणी गोष्ट. बालगृहात एक मूल ठेवायला लागणारा खर्च आणि मनुष्यबळ पाहता घरपोच मदत केव्हाही स्वस्त, आणि मुलाला मायेची माणसं मिळतात ते वेगळंच. अंमलबजावणी मात्र रडवते.

दोन मुख्य योजना. राज्याची बालसंगोपन योजना, जिचं आताचं नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. दरमहा प्रत्येक मुलामागे २२५० रुपये, पूर्वी ११०० होते. अनाथ मुलं, एकच पालक उरलेली मुलं, आईवडिलांचा घटस्फोट झालेला, पालक तुरुंगात किंवा गंभीर आजारात, अशा घरांसाठी. दुसरी मिशन वात्सल्यमधलं प्रायोजकत्व, दरमहा ४००० रुपये. त्याला उत्पन्नाची अट आहे : ग्रामीण भागात वर्षाला ७२,००० आणि इतरत्र ९६,००० च्या आत. म्हणजे शहरात महिन्याला आठ हजार. चार घरची धुणीभांडी करणारी विधवा बाई प्रामाणिकपणे उत्पन्न सांगेल तर बाहेर पडते. ही मर्यादाच माणसाला खोटा दाखला काढायला लावते, आणि मग कार्यालय दाखल्यावर शंका घेतं. दोष कुणाचा?

बालसंगोपनाच्या अर्जाला सर्वसाधारणपणे लागतं ते असं : पालक आणि मुलाचं आधार, रेशन कार्ड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, मृत पालकाचा मृत्यूदाखला, शाळेचं बोनाफाईड, बँक पासबुक, आणि घरासमोर पालक व मूल एकत्र उभं असलेला फोटो. या फोटोवरून लोक चिडतात, पण तो टाळता येत नाही. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात किंवा नेमून दिलेल्या संस्थेमार्फत, मग गृहभेट, मग बाल कल्याण समितीचा आदेश. समितीच्या आदेशाशिवाय पैसा सुटत नाही. एजंट म्हणतो 'साहेबांशी बोललोय', तेव्हा हे लक्षात ठेवायचं. अर्ज फुकट असतो.

अडतं कुठे? नावातल्या एका काना-मात्रेत. शाळेत 'सार्थक', आधारवर 'सार्थ', मृत्यूदाखल्यावर वडिलांचं टोपणनाव. अर्ज करण्याआधी सगळे कागद टेबलावर ओळीने मांडून फक्त नावं आणि जन्मतारखा ताडून पाहा, आणि दुरुस्ती आधी करून घ्या. दुसरी अडचण बँकेची. मदत आधारशी जोडलेल्या खात्यात जाते, आणि आधार कधीकाळी उघडलेल्या दुसऱ्याच खात्याशी जोडलेलं असतं. कार्यालय म्हणतं पाठवले, बाई म्हणते आले नाहीत, दोघंही खरं बोलत असतात. बँकेत जाऊन 'आधार सीडिंग कुठल्या खात्याला आहे' एवढाच प्रश्न विचारा. अल्पवयीन मुलाच्या खात्याची केवायसी राहिली असेल तर तेही तिथेच कळतं. तिसरी अडचण निधीची. पैसे दर महिन्याला येत नाहीत. तीन-चार महिन्यांचे एकदम येतात, कधी त्याहून उशिरा. शाळेची फी किंवा घरभाडं या पैशावर टाकू नये, असं अर्जदाराला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगणारं कार्यालय चांगलं समजावं.

अर्जाच्या झेरॉक्सवर पोच आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. 'ठेवून जा, कळवतो' हे वाक्य ऐकलं की अर्ज कपाटात गेला असं समजा.

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात

मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीचा पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे, आणि कागदावर ही देशातली बहुधा सगळ्यात बालस्नेही व्यवस्था. मुलाचा जबाब घरी किंवा मूल सांगेल तिथे घ्यायचा, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या किंवा वरच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेशात नाही. रात्री मुलाला ठाण्यात ठेवायचं नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरकडून, आईवडील किंवा मुलीच्या विश्वासातल्या व्यक्तीसमोर. एफआयआर नसली तरी तपासणी आणि उपचार होतात. कुठलाही दवाखाना आधी पोलिसांचा कागद आणा म्हणून तातडीचे उपचार अडवू शकत नाही. पोलिसांनी २४ तासांत समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं. घटना दुसऱ्या हद्दीत घडली म्हणून परत पाठवता येत नाही, शून्य क्रमांकाने गुन्हा घ्यावाच लागतो. एफआयआरची प्रत फुकट.

पहिल्या काही तासांत घरच्यांनी काय करायचं हे मात्र कुणी नीट सांगत नाही. मुलाला आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. कपडे बदलले असतील तर कागदी पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये ओल धरते आणि पुरावा खराब होतो. दवाखाना जितका लवकर तितका बरा. गर्भधारणा टाळणारी गोळी आणि एचआयव्ही प्रतिबंधक औषध दोन्हींसाठी ७२ तासांची मर्यादा धरतात. आणि मुलाला पुन्हा पुन्हा विचारू नका. आई विचारते, आत्या विचारते, शाळेच्या बाई विचारतात, मग पोलीस, मग डॉक्टर, मग दंडाधिकारी. सहाव्या वेळेपर्यंत मूल एक तर गप्प होतं, नाहीतर ऐकणाऱ्याला हवं ते सांगायला लागतं, आणि बचावाच्या वकिलाला जबाबातली तफावत आयती मिळते. पहिल्या वेळी मुलाने जे शब्द वापरले ते जसेच्या तसे लिहून ठेवा, तारीख-वेळ टाकून. एवढं पुरे.

सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी मागितली जाणारी सोय म्हणजे आधार व्यक्ती. समितीने नेमून द्यायची, आणि ती तपासापासून निकालापर्यंत कुटुंबासोबत असते. तारखा कळवणं, न्यायालयात काय होणार हे मुलाला आधी समजावून सांगणं, नुकसानभरपाईचा अर्ज, समुपदेशन, शाळेची अडचण, हे सगळं तिचं काम. पोलिसांनी पहिल्याच दिवशी तिच्याबद्दल आणि बाकी हक्कांबद्दल माहिती द्यायची असते. दिली नाही तर समितीकडे साध्या कागदावर अर्ज करा. प्रवास, कपडे, खाणं अशा तातडीच्या गरजांसाठी विशेष मदतीची शिफारस करण्याचा अधिकार समितीला आहे, तोही क्वचित वापरला जातो. पुढे भरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण : अंतरिम भरपाई आणि मनोधैर्य (अत्याचारपीडितांना मदत देणारी राज्याची योजना) या दोन्हींसाठी तिथलाच उंबरा. वकीलही तिथूनच फुकट, कारण महिला आणि मुलांना मोफत विधी सेवेसाठी उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००.

कायदा म्हणतो साक्ष तीस दिवसांत, निकाल शक्यतो वर्षात. याबाबतीत तारे देणं अवघड आहे. कित्येक खटल्यांत मूल साक्षीला उभं राहतं तेव्हा आवाज फुटलेला असतो.

एक खाच डॉक्टरांच्या बाजूने आहे. गुन्ह्याची माहिती असून पोलिसांना न कळवणं हा पॉक्सोत गुन्हा, त्यामुळे अठरा वर्षांखालची गरोदर मुलगी दवाखान्यात आली की डॉक्टर हात आखडता घेतात आणि मुलगी भोंदूकडे जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे की गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केली तर डॉक्टरने कळवताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. हे छापून तालुक्याच्या प्रत्येक दवाखान्यात लावायला हवं.

बालविवाह : इथे यंत्रणा खरंच हलते

एका सेवेला मोकळ्या मनाने चांगलं म्हणावं, तर बालविवाह रोखण्याच्या कामाला. ग्रामीण भागात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी, अंगणवाडी सेविका त्याची मदतनीस. शहरात बालविकास प्रकल्प अधिकारी. सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्राम बाल संरक्षण समिती असते. ती कागदावरच असेल तरी सेविकेला कुणाच्या घरी मांडव पडतोय हे सगळ्यांत आधी कळतं. पत्रिका, स्थळ, मुहूर्त आणि मुलीच्या शाळेचं नाव एवढं कळवलं तर लग्न थांबण्याची शक्यता चांगली. शाळेचं नाव महत्त्वाचं, वयाचा पुरावा तिथून तासाभरात येतो.

कच्चा दुवा पुढे आहे. आईवडिलांकडून हमीपत्र लिहून घेतात, फोटो काढतात, सगळे घरी जातात. पंधरा दिवसांनी दुसऱ्या जिल्ह्यात, रात्रीच्या मुहूर्तावर तेच लग्न. हमीपत्राला तेवढीच किंमत जेवढी देणाऱ्याच्या शब्दाला. न्यायदंडाधिकाऱ्याकडून मनाई आदेश घेतला असेल तर तो मोडून लावलेलं लग्न मुळातच शून्य ठरतं, आणि ही खरी ताकद. लग्नाचा धोका असलेली मुलगी काळजी व संरक्षणाची गरज असलेलं मूल ठरते, तेव्हा तिला समितीपुढे न्यायलाच हवं. शाळेत परत नाव घातलं का, हे विचारायला महिन्याने कुणी गेलं, तर काम पुरं झालं. लग्न होऊनच गेलं असेल तरी अठरा पूर्ण झाल्यावर दोन वर्षांपर्यंत ते रद्द करून मागता येतं.

घरातल्या भांडणात मुलांचं काय

पोलीस ठाण्यातला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष १९८४ मध्ये मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि मुंबई पोलिसांनी सुरू केला, पुढे राज्यभर गेला. बसायला प्रशिक्षित समाजकार्यकर्ते असतात, आवारात पोलीस असल्याने बोलावलेला नवरा येतोही. एकेकट्याशी बोलणं, मग एकत्र बैठक, लेखी ठराव. ही सेवा आवडण्यासारखी आहे. फक्त तिच्याकडून पोटगी किंवा मुलाचा ताबा मागू नये, तो अधिकार न्यायालयाचा. त्यासाठी कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ : संरक्षण अधिकाऱ्याकडे घटनेचा अहवाल भरायचा, तो न्यायालयात जातो, पहिली तारीख साधारण तीन दिवसांत, आणि तात्पुरता ताबाही त्याच अर्जात मागता येतो. बाईकडून ताबा मागायचा राहून जातो, मग मूल सासरीच अडकतं.

तडजोडीच्या बैठकीबाबत एक इशारा. नवराबायकोतला वाद मिटवता येतो. मुलाला डागणं, बांधून ठेवणं, उपाशी ठेवणं हे वाद नाहीत, बाल न्याय कायद्यातलं क्रौर्य आहे. बैठकीत 'पुन्हा करणार नाही' म्हणवून घेऊन असं प्रकरण मिटवलं जात असेल तर तिथून उठून समितीकडे जावं.

रातोरात घराबाहेर पडावं लागलं तर सखी वन स्टॉप सेंटर. आसरा, औषधोपचार, पोलीस मदत, वकील एका छताखाली, तात्पुरता मुक्काम पाच दिवसांपर्यंत. फोन १८१. पाच दिवस फार थोडे आहेत, सहाव्या दिवशी कुठे जायचं ते दुसऱ्याच दिवशी विचारायला लागा. मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६, व्यसनासाठी १४४४६. शाळांत मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती असायला हवी. आहे का, सदस्य कोण, एवढं पालकसभेत विचारलं तरी पुष्कळ ठिकाणी ती त्याच आठवड्यात स्थापन होते.

नको असलेल्या नवजात बाळाबद्दल दोन ओळी. दवाखान्यातल्या ओळखीने, कायद्याची प्रक्रिया टाळून परस्पर देणं हा गुन्हा आहे, पैसे घेतले तर मोठा गुन्हा. समितीपुढे स्वाधीन करता येतं, कुणी दूषण देत नाही, आणि आईला फेरविचाराला दोन महिने मिळतात.

आणि सापडलेल्या मुलाचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरवू नका. हेतू चांगला असला तरी संरक्षणातल्या मुलाची ओळख उघड करायला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड आहे. मूल हरवलं असेल तर मात्र २४ तास थांबायचं कारण नाही. गुन्हा तत्काळ नोंदवून घ्यायला लावा. चार महिन्यांत न सापडल्यास तपास मानवी तस्करी विरोधी कक्षाकडे जातो, ती तारीख वहीत लिहून ठेवा आणि गेला का ते विचारा.

सेवा मिळाली नाही तर

बाल कल्याण समितीविरुद्ध तक्रार ऐकणारे अधिकारी जिल्हाधिकारी. समितीच्या आदेशावर अपील तीस दिवसांत. पोलिसांनी किंवा शाळेने टाळाटाळ केली तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोग. पण या सगळ्यांआधी माहितीचा अधिकार वापरून बघा, तो कमालीचा लागू पडतो. 'अमुक तारखेला दिलेल्या, अमुक पोच क्रमांकाच्या अर्जावर रोज काय कार्यवाही झाली आणि सध्या तो कुणाच्या टेबलावर आहे' असा एकच प्रश्न विचारायचा. उत्तर तीस दिवसांत, पण पुष्कळदा उत्तराआधी गृहभेटच येते. अर्ज मराठीत, हाताने लिहिलेला चालतो. त्यावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं. पिवळं रेशन कार्ड असेल आणि नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत असेल तर तेही लागत नाही, दाखल्याची झेरॉक्स जोडायची.